भित्यापाठीं ब्रह्मराक्षस : घरच्या संगणकाच्या दुखण्याविषयीं

गेल्या पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं माझ्या थोरल्या भगिनींचा फोन आला. त्यांना आम्ही सारे अक्का म्हणतों. वय सत्तरीच्या घरांतलें; हयात शाळेंत गणित शिकविण्यांत गेलेली; निवृत्तिवेतनाचा पैन् पैचा हिशेब त्या स्वतः संगणकावर ठेवतात. अशा खंबीर बाईंचा आवाज त्या दिवशीं कांपत होता. त्या म्हणाल्या, "अरे, संगणकांत व्हायरस शिरला. एक माणूस तो काढून देत होता, पण मीं मध्येंच भिंतींतली वायर उपटली. आतां काय झालें असेल रे?"

झालें होतें तें असें. संगणक कांहीं आठवडे मंद चालत होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत अधूनमधून जाहिरातींच्या चिठ्ठ्या उगवत. त्या संध्याकाळीं अशाच एका चिठ्ठीवर अक्कांचें बोट पडलें आणि सारा पडदा लाल झाला. भोंगा वाजूं लागला. एक बाई मोठ्यानें बजावूं लागली कीं, आपला संगणक दूषित झाला आहे, तो बंद करूं नका, खालील क्रमांकावर तत्काळ फोन करा. अक्कांनीं फोन केला. पलीकडचा गृहस्थ मोठा अदबशीर होता. त्याच्या सांगण्यावरून त्यांनीं एक लहानसा प्रोग्राम उतरवून घेतला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरूं लागला. गृहस्थानें एक लांबलचक यादी उघडली, तींतल्या लाल-पिवळ्या खुणा दाखविल्या व "हे सारे व्हायरस" असें सांगितलें. मग दुरुस्तीचें शुल्क भरण्यासाठीं बँकेचें पान उघडावयास लावलें. अक्कांनीं तेथें आपलें नांव घातलें. पासवर्ड घालण्यापूर्वीं त्या म्हणाल्या, "थांबा, मी भावाला विचारतें." त्यावर तो घाईनें म्हणाला, "घरांत कोणाशीं बोलूं नका, वेळ जाईल." तेथें अक्कांमधली शिक्षिका जागी झाली. जो रीत दाखवूं देत नाहीं त्याचें उत्तर खरें मानावयाचें नाहीं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ. त्यांनीं वायर उपटली.

श्रोतेहो, हा प्रसंग आज बहुतेक सुशिक्षित घरांच्या दाराशीं उभा आहे. म्हणून अक्कांच्या अनुमतीनेंच तो मी येथें सांगत आहें. संगणकांत कांहीं शिरल्याचा संशय आला म्हणजे काय करावें, कोणत्या क्रमानें करावें, आणि मुख्यतः काय करूं नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम उपचार, मग निदान. वैद्य रोग्याची नाडी पाहूं शकतो, कारण रोगी तेवढ्या वेळांत पळून जात नाहीं. संगणकाचें तसें नाहीं. त्यांत खरोखरच कोणी शिरलें असेल, तर आपण विचार करीत बसतों त्या घटकेंत तो आपलें काम उरकीत असतो. त्याची सारी ये-जा इंटरनेटच्या वाटेनें होते. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, ती वाट तोडावी. वाय-फाय बंद करावें, तार असेल तर काढावी. अक्कांनीं वीजच तोडली. त्यानेंहि तेंच साधलें. मीं त्यांना इतकेंच सांगितलें कीं, मी येईपर्यंत संगणक सुरू करूं नका. कारण त्या गृहस्थानें घालून ठेवलेला प्रोग्राम संगणक पुन्हां सुरू होतांच आपल्या धन्याला हांक मारण्याचा संभव होता.

दुसरी गोष्ट पैशाची. संशयित संगणकावर बसून पासवर्ड बदलणें म्हणजे चोराच्या देखत नवें कुलूप लावून किल्ली त्याच्याच समोर खुंटीस अडकविणें होय. हें काम दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून करावयाचें. अक्कांचा मोबाईल होता. कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर त्यांनीं बँकेस फोन केला. इंटरनेटवर शोधून सांपडलेल्या क्रमांकावर करूं नये, कारण तेथेंहि ठकांनीं आपल्या पाट्या लावलेल्या असतात. खात्यावरचे इंटरनेट-व्यवहार थांबविले. पैसे गेलेले नव्हते. गेले असते, तर त्याच क्षणीं १९३० हा क्रमांक फिरवावयाचा. आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठीं केंद्र सरकारनें देशभर चालविलेला हा क्रमांक आहे. अशी रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत धांवत असते. ती वाटेंत असतांनाच अडविणें शक्य असतें, आणि म्हणून पहिल्या कांहीं तासांचें मोल फार आहे.

नंतर पासवर्ड, आणि त्यांतहि पहिला मान ई-मेलच्या खात्याचा. इतर सर्व खात्यांचे पासवर्ड विसरल्यास नवे मागविण्याची वाट ई-मेलमधूनच जाते. तें गेलें म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगाच गेला. पासवर्ड बदलल्यावर "सर्व उपकरणांवरून बाहेर पडा" हीहि आज्ञा द्यावी. याचें कारण पुष्कळांना ठाऊक नसतें. आपण एकदां खात्यांत शिरलों म्हणजे ब्राउझर एक प्रकारचा प्रवेशपास जपून ठेवतो. हल्लींचे चोर-प्रोग्राम पासवर्डाबरोबर हा पासहि उचलतात, आणि पास हातीं असला म्हणजे पुष्कळ ठिकाणीं पासवर्ड विचारलाच जात नाहीं.

इतकें झाल्यावर अक्का निश्चिंत झोंपल्या, आणि मी दुसऱ्या दिवशीं, रविवारीं सकाळीं, त्यांच्या घरीं गेलों.

आतां निदान. येथें एक सामान्य चूक होते. संगणकाची जी जी तक्रार दिसेल ती एकाच रोगाच्या माथीं मारण्याकडे आपली प्रवृत्ति असते. मंद चालतो? व्हायरस. पंखा घुरघुरतो? व्हायरस. जाहिराती येतात? व्हायरस. मग रेड्याच्या रोगावर पखालीला डाग देण्याचा प्रकार होतो. म्हणून मीं अक्कांना त्यांच्या सवयीप्रमाणें कागदावर चार तक्रारी वेगवेगळ्या लिहावयास सांगितल्या, आणि इंटरनेट बंद ठेवून एकेकीचें कारण शोधावयास बसलों.

पहिली तक्रार मंदपणाची. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्या वेळीं कोणता प्रोग्राम यंत्राची किती शक्ति खात आहे, तें तेथें दिसतें. अपरिचित नांवें पाहून घाबरूं नये. एस्‌व्हीसीहोस्ट हें विचित्र नांव तेथें दहा-वीस वेळां दिसेल. तो घरचाच गडी आहे. मात्र त्याच नांवाचा वेष घेऊन चोरहि वावरतो. तेव्हां नांवावर उजवी कळ दाबून फाइल कोठें राहते तें पाहावें. खरा गडी विंडोजच्या सिस्टिम-३२ या घरांत राहतो. कोणी त्याच नांवानें डाउनलोडच्या ओसरीवर बसलेला आढळला, तर संशय रास्त होय. अक्कांच्या संगणकावर असें कोणी नव्हतें. तबकडी मात्र कांठोकांठ भरलेली होती. तींत नातलगांनीं पाठविलेल्या सुप्रभाताच्या चित्रांचा आणि चलच्चित्रांचा वांटा मोठा होता. शिवाय यंत्र सुरू होतांच आपोआप जागे होणारे चौदा प्रोग्राम निघाले. मंदपणाचें कारण एवढेंच.

दुसरी तक्रार कोपऱ्यांतल्या चिठ्ठ्यांची. कोणत्या तरी संकेतस्थळानें केव्हां तरी "सूचना पाठवूं का?" असें विचारलें होतें, आणि अक्कांनीं सौजन्यानें "होय" म्हटलें होतें. ब्राउझरच्या सेटिंगमध्यें सूचनांची परवानगी काढून घेतांच चिठ्ठ्या थांबल्या. तेथेंच ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनांची यादीहि पाहावी, आणि आपण आठवणीनें न घातलेलें तें काढावें.

तिसरी तक्रार त्या लाल पडद्याची. श्रोतेहो, तो लाल पडदा म्हणजे इंटरनेटवरचें एक पान होतें. याहून अधिक कांहीं नाहीं. पान पडदाभर पसरलें, आवाजाची फीत वाजली, आणि बंद करण्याची खूण झांकली गेली. कोणत्याहि पानास आपल्या संगणकाची आंतून तपासणी करून त्यांत व्हायरस आहे असें सांगतां येत नाहीं. रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूला आपल्या माजघरांतला उंदीर दिसावा कसा? अशा वेळीं एस्केपची कळ दाबून धरावी. तेवढ्यानें न भागल्यास टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. राक्षस नाहींसा होतो. आणि त्या गृहस्थानें दाखविलेली लाल-पिवळ्या खुणांची यादी? ती विंडोजची रोजनिशी. छापखान्याचें यंत्र क्षणभर सांपडलें नाहीं, घड्याळ जुळविण्यास विलंब लागला, अशा बारीकसारीक कुरकुरी तींत टिपलेल्या असतात. ठणठणीत संगणकाच्या रोजनिशींतहि त्या पुष्कळ आढळतात. निरोगी माणसाची नाडी धरून त्याला "ठोके पडतात, म्हणजे रोग आहे" असें सांगण्यापैकींच तो प्रकार.

म्हणजे पहा, संध्याकाळीं फोन करीपर्यंत त्या संगणकांत व्हायरस म्हणून कांहीं नव्हतेंच! जी एक गोष्ट खरोखर परकी होती, ती चौथी : दुसऱ्याच्या हातीं यंत्राचा ताबा देणारा तो लहानसा प्रोग्राम. तो भिंत फोडून आला नव्हता. अक्कांनीं भीतीच्या भरांत स्वतः दार उघडून त्याला आंत घेतलें होतें. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

हा भीतीचा व्यापार कसा वाढला तें थोडक्यांत सांगतों. १९८६ सालीं लाहोर येथील दोन बंधूंनीं 'ब्रेन' नांवाचा व्हायरस लिहिला. वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या पहिल्या व्हायरसांत त्याची गणना होते. त्यांत त्यांनीं आपलें नांव, पत्ता आणि फोन क्रमांकहि लिहून ठेवला होता! १९८९ सालीं एड्स रोगाच्या माहितीच्या मिषानें सुमारें २०,००० फ्लॉपी तबकड्या टपालानें घरोघर पाठविल्या गेल्या. संगणक ठराविक वेळां सुरू झाला कीं फाइलींचीं नांवें लोपत, आणि पनामांतील एका टपाल-पेटीकडे १८९ डॉलर पाठविण्याचा हुकूम येई. येथून खंडणी सुरू झाली. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय'नें १५० हून अधिक देशांत थैमान घातलें, आणि त्यांत इंग्लंडमधील रुग्णालयेंहि सांपडलीं. या गोष्टींतील बोध असा कीं, ज्या भगदाडांतून तो शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें त्यापूर्वीं दोन महिने, मार्चमध्येंच, दिलेली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली होती, त्यांच्या दारावरून तो तसाच पुढें गेला. "अद्ययावत करा" ही सूचना कटकटीची वाटते खरी. पण दाराची कडी ती हीच.

आजचा खरा चोर-प्रोग्राम बहुधा मुका असतो. तो भोंगा वाजवीत नाहीं. मुकाट्यानें पासवर्ड वेंचतो आणि निघून जातो. खंडणीखोर ओरडतो, परंतु काम उरकल्यानंतर. आणि त्याची खूण स्पष्ट असते. आपल्या फाइली जागेवर असतात, पण उघडत नाहींत, आणि त्यांच्या नांवांमागें अनोळखी शेपूट लागलेलें असतें. असें झालें तरी पैसे देण्याची घाई करूं नये. 'नो मोअर रॅन्सम' या नांवाचा उपक्रम नेदरलंड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक-सुरक्षा कंपन्या यांनीं २०१६ सालीं सुरू केला. कित्येक प्रकारच्या खंडणीखोरांच्या किल्ल्या तेथें विनामूल्य मिळतात. आपल्याकडे सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २०१७ सालीं 'सायबर स्वच्छता केंद्र' उघडलें. तेथेंहि संगणक तपासण्याचीं साधनें फुकट दिलीं जातात.

आतां पुन्हां अक्कांच्या घरीं येऊं. तो परका प्रोग्राम मीं काढून टाकला. विंडोजमध्यें डिफेंडर हा तपासनीस मुळांतच असतो. त्याची 'ऑफलाइन' तपासणी करविली. ही तपासणी विंडोज जागें होण्यापूर्वींच चालते. त्यामुळें विंडोजच्या आड लपणाऱ्यास पदर मिळत नाहीं, आणि सुमारें पाव तासांत ती संपते. येथें एक सूचना : दोन-दोन तपासनीस एकाच वेळीं पहाऱ्यावर ठेवूं नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि यंत्र रखडतें. तपासणींत कांहीं सांपडलें नाहीं. अक्का म्हणाल्या, "सुटलों तर!"

मला तसें म्हणवेना. ताबा देणारा तो प्रोग्राम मुळांत चोरटा नव्हता. दुरुस्ती करणारे प्रामाणिक कारागीरहि तसे प्रोग्राम रोज वापरतात. म्हणून तपासनीस त्याला चोर म्हणत नाहीं. ठकाच्या हातीं तो यंत्राचा ताबा सुमारें वीस मिनिटें होता. तेवढ्या वेळांत त्यानें कोठें काय ठेवलें असेल, हें यादीवरून सांगतां आलें नसतें. "कांहीं सांपडलें नाहीं" आणि "कांहीं नाहीं" या दोन वाक्यांत अंतर आहे. गणिताच्या शिक्षिकेला तें अधिक सांगावें लागलें नाहीं. जेथें परका हात प्रत्यक्ष फिरला आहे, तेथें तबकडी पुसून विंडोज नव्यानें बसविणें हाच निर्वेध मार्ग.

"पुसून?" अक्कांनीं विचारलें, आणि त्या गप्प झाल्या. माझे भावोजी सहा वर्षांपूर्वीं वारले. शेवटच्या आजारांत त्यांनीं घरांतले सारे जुने फोटो एकेक करून संगणकांत उतरवून ठेवले होते. मागाहून घर बदलतांना मूळ कागदी फोटोंची पेटी पावसांत भिजून गेली. त्या फोटोंची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नव्हती. "तेच गेले तर संगणक स्वच्छ होऊन मला काय करावयाचा आहे?" अक्का म्हणाल्या.

श्रोतेहो, त्या क्षणीं मला कळलें कीं, आदल्या संध्याकाळीं पणाला लागलें होतें तें केवळ निवृत्तिवेतन नव्हे. तो गृहस्थ खंडणीखोर असता, तर त्या फोटोंवर कुलूप घालावयास त्याला वीस मिनिटें पुरेशीं होतीं. आणि चोर कशाला? ती जुनी तबकडी एखाद्या दिवशीं आपोआप बंद पडली असती, तरी परिणाम तोच.

आम्हीं बाजारांतून एक नवी बाहेरची तबकडी आणली. इंटरनेट बंद ठेवूनच फोटो आणि हिशेबाचे कागद तेवढे तिच्यावर उतरविले. चालणारा असा एकहि प्रोग्राम बरोबर घेतला नाहीं, कारण रोग जावयाचा तर बहुधा त्यांतूनच जातो. मोजून पाहिलें, चार-दोन फोटो उघडून पाहिले, आणि तबकडी काढून बाजूस ठेवली. माझ्या घरच्या संगणकावर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ आधींच तयार करून आणलें होतें. अक्कांच्या यंत्रावर विंडोज १० होतें, आणि त्याची सर्वसाधारण विनामूल्य निगा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलेली आहे. तेव्हां जुनेंच पुन्हां बसविण्यांत अर्थ नव्हता. यंत्र नव्यानें सजलें, सर्व दुरुस्त्या बसल्या, मग बाहेरची तबकडी जोडून प्रथम तिची तपासणी केली आणि नंतरच फोटो परत आणले. त्यांची एक प्रत त्या तबकडीवर अक्कांच्या कपाटांत राहिली, आणि दुसरी माझ्या घरीं. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या जागीं, एक घराबाहेर, हा जाणत्यांचा नियम आहे. आणि ती कपाटांतली तबकडी संगणकास कायमची जोडून ठेवावयाची नाहीं, नाहीं तर खंडणीखोर दोहोंवरहि एकदमच कुलूप घालील.

सायंकाळीं पांच वाजतां काम संपलें. पहिला फोटो उघडला तो भावोजींचा, शाळेच्या सहलीला पन्हाळ्यावर काढलेला. अक्कांनीं बराच वेळ तो पाहिला, आणि मग चहा टाकावयास उठल्या.

एक शेवटची गोष्ट सांगून आपली रजा घेतों. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून असें कांहीं झालें, तर त्यांच्यावर रागावूं नका. ठकाचें खरें हत्यार त्याचा प्रोग्राम नव्हे. घाई, भीति आणि लाज हीं त्याचीं तीन हत्यारें. "लोक काय म्हणतील, मुलें काय म्हणतील" या लाजेपायीं कित्येक माणसें दोन-दोन दिवस मूग गिळून बसतात, आणि अडवितां आले असते ते पैसे निघून जातात. अक्का त्या संध्याकाळीं वांचल्या, त्या संगणकाच्या ज्ञानानें नव्हे. घरीं विचारलें तर कोणी हंसणार नाहीं, एवढा भरंवसा त्यांना होता म्हणून.

आतां त्यांच्या संगणकाशेजारीं त्यांच्याच वळणदार अक्षरांतला एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर तीन ओळी आहेत : प्रथम इंटरनेट तोडावें. मग दुसऱ्या यंत्रावरून बँक व पासवर्ड पाहावे. मग शांतपणें कारण शोधावें. आणि खालीं, लाल शाईनें, शिक्षिकेच्या सवयीनें शेरा मारलेला आहे : "घाई करावयास लावील तो आपला नव्हे."